डकटेल्सचे गेम: काठी सापडली म्हणून खेळ सापडला

शनिपारकर (धागाकर्ता)

कार्टूनवरून काढलेला गेम म्हणजे खोक्यावर ओळखीचं चित्र आणि आत पाट्या टाकून केलेला खेळ, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. पुष्कळ गेमच्या बाबतीत ते खरंही आहे. म्हणूनच कॅपकॉम या जपानी गेम कंपनीच्या 'डकटेल्स'बद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. माझ्या मते मालिकेवरून गेम कसा घडवावा याचं इतकं चोख उदाहरण दुसरं नाही, आणि त्याचं कारण शोधता येतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'डकटेल्स' ही डिस्नेची मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९८७ मध्ये सुरू झाली आणि तिचे १०० भाग झाले. मालिकेचा नायक अंकल स्क्रूज, म्हणजे पैशाचा लोभी म्हातारा बदक, हे पात्र त्याच्याही खूप आधीचं, कार्ल बार्क्स यांनी १९४७ मध्ये कॉमिकमध्ये आणलेलं. आपल्याकडे ही मालिका नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीत लागायची. गेम त्याच्या आधीच तयार होता. अमेरिकेत निन्टेंडोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रासाठी तो सप्टेंबर १९८९ मध्ये आला आणि जपानमध्ये जानेवारी १९९० मध्ये.

बनवणारी माणसं कोण होती हे इथे फार महत्त्वाचं. निर्माते तोकुरो फुजिवारा, म्हणजे 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'वाले. चित्रांच्या कामात केइजी इनाफुने होते. 'मेगा मॅन'वर काम केलेली बरीच मंडळी या गेमवर होती, आणि 'मेगा मॅन २' त्याच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये जपानमध्ये आला होता. थोडक्यात, हातखंडा असलेल्या चमूकडे हे काम गेलं. परवाना मिळालाय तर काहीतरी उरकून टाका, असा प्रकार झाला नाही.

आता मुद्द्याचं. स्क्रूज म्हातारा आहे. तो बंदूक चालवत नाही, कुस्ती खेळत नाही. मग शत्रूला मारायचं कशानं? त्याच्या हातात काठी आहे. कॅपकॉमनं सगळा खेळ त्या काठीवर उभा केला. हवेत उडी मारल्यावर खालचं बटण आणि 'बी' हे बटण एकत्र दाबून धरलं की स्क्रूज काठीवर टणाटण उसळायला लागतो. शत्रूच्या डोक्यावर उसळला की शत्रू खलास. काटे असले तर काठी काट्यांवर टेकते आणि म्हातारा सुखरूप वर राहतो. साध्या उडीपेक्षा ही उसळी उंच जाते, त्यामुळे जिथे पोचता येणार नाही असं वाटतं तिथेही पोचता येतं. आणि जमिनीवर उभं राहून दगडाला किंवा पेटीला खेटून बी दाबलं की गोल्फसारखा फटका बसतो.

गंमत अशी की ही क्लृप्ती सापडल्यावर त्यांनी पाचही जागा तिच्याभोवती रचल्या. ॲमेझॉनच्या जंगलात काटे, ट्रान्सिल्व्हेनियाच्या वाड्यात आरसे आणि भुतं, आफ्रिकेच्या खाणीत कोसळणारे दगड. हिमालयात तर कमाल केली आहे. बर्फावर काठीनं उसळायला गेलात की स्क्रूज बर्फात रुतून बसतो. जे हत्यार तुम्ही आतापर्यंत डोळे मिटून वापरत होता तेच इथे जपून वापरावं लागतं. एका नियमाला अपवाद केला आणि अख्ख्या टप्प्याचा स्वभाव बदलला. नव्यानं गेम बनवायला शिकणाऱ्या प्रत्येकानं तो हिमालय खेळून बघावा.

दुसरी गोष्ट पैशाची. मारिओमध्ये नाणी गोळा केली की जीव मिळतो. इथे गुण म्हणजेच डॉलर. हिरे उचलायचे, पेट्या फोडायच्या, आणि काही ठिकाणी नुसतं चालत गेलं की हवेतून हिरा पडतो. सगळ्यात चांगला शेवट हवा असेल तर निदान एक कोटी डॉलर जमवावे लागतात आणि लपवलेले दोन खजिनेही सापडावे लागतात. खेळणाऱ्याला आपोआप हाव सुटते, आणि हावरेपणा हाच तर स्क्रूजचा स्वभाव. मालिकेतली गोष्ट न सांगता मालिकेतलं पात्र तुमच्या बोटांत उतरवलं आहे.

एनईएसवर या गेमच्या सुमारे १६ लाख ७० हजार प्रती खपल्या आणि हातात धरायच्या गेमबॉयवर सुमारे १४ लाख ३० हजार. ही सगळी करामत १२८ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये मावली होती. आज व्हॉट्सॲपवर येणारा शुभ सकाळचा फोटो बहुधा त्याच्याहून जड असतो.

मालिकेवरून निघालेला प्रत्येक गेम तपासायला मी एकच प्रश्न वापरतो. नायक काढून त्याच्या जागी दुसरा कोणी ठेवला तर खेळ तसाच राहतो का? राहत असेल तर मालिकेचं नाव फक्त विक्रीसाठी लावलं आहे. तुमचे आवडते गेम या प्रश्नावर घासून बघा आणि लिहा.

---

तपकीरगल्ली

फार सुंदर धागा. पुण्यात हा गेम लोकांपर्यंत कसा पोचला ते मी सांगू शकतो. आमचं बुधवार पेठेत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळेतून आलो की मी तिथेच असायचो.

मूळ एनईएस आपल्याकडे जवळजवळ कोणी पाहिलंच नाही. मिळायची ती नकलेची यंत्रं. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं जुन्या लोकांना आठवतील. सगळे त्याला टीव्ही गेमच म्हणायचे. ही यंत्रं बहुतांशी फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्याच जपानी अवताराच्या धर्तीची होती. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकन एनईएसच्या कॅसेटला ७२. म्हणून तुळशीबागेत किंवा कॅम्पात जी कॅसेट मिळायची ती ६० पिनांची, आणि आतला गेम पुष्कळदा जपानी आवृत्तीचा.

याचा डकटेल्सवर थेट परिणाम झाला. आफ्रिकेच्या खाणीत शिरलं की स्क्रूजचा पुतण्या सांगतो की आत जायला किल्ली लागेल आणि ती ट्रान्सिल्व्हेनियात आहे. जपानी कॅसेटमध्ये हे सगळं जपानी लिपीत. पोरांना वाटायचं कॅसेट खराब आहे. दुकानात दुरुस्तीला आलेल्या कॅसेटींत 'खाणीत गेलं की दुसरीकडेच फेकतो' ही तक्रार असायची. वडील पिना स्वच्छ करून परत द्यायचे. मग कुणीतरी मोठा पोरगा ट्रान्सिल्व्हेनियाचा वाडा पालथा घालायचा, किल्ली सापडायची, आणि ती बातमी आळीभर व्हायची. भाषा कळत नसताना नुसत्या रचनेवरून पोरं शेवटापर्यंत पोचायची. यात पोरांची चिकाटी आहेच, पण रचना किती स्पष्ट होती तेही दिसतं.

---

पर्वतीपायथा

मी गेम खेळणाऱ्यांतली नाही, पण माझ्या दोन्ही मुलांनी हा खेळलेला मी स्वयंपाकघरातून ऐकला आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे टीव्ही एकच. टीव्ही गेम लावायचा तर अँटेनाची वायर काढून त्या जागी गेमची वायर खोचायची. रविवारी सकाळी आधी कार्टून, ते संपलं की वायर बदलून तोच स्क्रूज गेममध्ये. धाकटी तेव्हा पहिली-दुसरीत असेल. तिला गेम म्हणजे त्याच दिवशीचा पुढचा भाग वाटायचा. मिसेस बीकली दिसली की ती आईस्क्रीम देणार हे तिला माहीत असायचं, लाँचपॅड हेलिकॉप्टर घेऊन आला की ती ओरडायची. तुम्ही म्हणता तो काठीचा मुद्दा मला पटला, कारण घरातली छत्री घेऊन दोघं अंगणात तसंच उसळायचा प्रयत्न करायची आणि मला छत्र्या लपवून ठेवाव्या लागायच्या.

एक विचारायचं होतं. शनिपारकर, तुमच्या प्रश्नात ओळखीच्या चेहऱ्यांना काहीच किंमत नाही का? माझ्या लेकीसाठी तेच सगळं होतं.

---

शनिपारकर (धागाकर्ता)

पर्वतीपायथाताई, किंमत नक्कीच आहे. बीकली, लाँचपॅड, बब्बा, गिझमोडक यांनी गेममध्ये जीव आणला. फरक इतकाच की ते प्रत्येक जण काहीतरी *करतात*. बीकली आरोग्य भरते, लाँचपॅड मधेच डकबर्गला, स्क्रूजच्या गावी, परत नेतो, गिझमोडक चंद्रावरची भिंत फोडतो. मालिकेत ज्याचं जे काम, तेच काम गेममध्ये. चेहरा आणि काम दोन्ही जुळलं की तुमच्या लेकीला वाटलं तसं वाटतं.

---

फ्लॉपीवाला

या संदर्भात एका विसरलेल्या गेमची आठवण करून देतो. १९९० मध्ये डिस्नेच्याच संगणक विभागानं 'डकटेल्स: द क्वेस्ट फॉर गोल्ड' काढला. बनवला इन्क्रेडिबल टेक्नॉलॉजीजनं. पीसी, अमिगा, कमोडोर ६४ यांवर चालायचा. मी तो कर्वे रोडवरच्या एका संगणक क्लासमध्ये पाहिला.

कथा अशी की स्क्रूज आणि त्याचा प्रतिस्पर्धी ग्लोमगोल्ड यांच्यात ३० दिवसांत कोण जास्त संपत्ती जमवतो अशी शर्यत. त्यात विमान उडवणं आहे, डोंगर चढणं आहे, जंगल आहे, गुहा आहेत, प्राण्यांचे फोटो काढणं आहे, अगदी शेअर बाजारसुद्धा आहे. मालिकेत जे जे होतं ते सगळं त्यात घेतलंय. खजिन्याच्या शोधात जगभर हिंडणं, प्रतिस्पर्धी, पैशाचा हिशेब. मालिकेशी इमान राखण्यात तो कॅपकॉमच्या गेमपेक्षा काकणभर सरसच.

पण खेळायला बसलं की प्रत्येक भाग वेगळा, प्रत्येकाची बटणं वेगळी, आणि कशातच हात बसत नाही. विमान शिकेपर्यंत विमान संपतं. कॅपकॉमनं एकच हालचाल घेतली आणि तीच पाच जागी पाच तऱ्हांनी वापरायला लावली. त्यामुळे तो आजही खेळला जातो आणि हा फक्त माझ्यासारख्यांना आठवतो.

---

मुग्धा_एरंडवणे

सगळे काठीबद्दल बोलताहेत, चंद्राबद्दल कोणीच नाही!

संगीतकार हिरोशिगे तोनोमुरा. एनईएसच्या आवाजाच्या चिपमध्ये पाच वाटा: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांची. त्यात त्यांनी चंद्राच्या टप्प्याला जी चाल दिली ती गेम संगीतातल्या सर्वांत लाडक्या चालींपैकी आहे. मी ती कीबोर्डवर बसवली तेव्हा लक्षात आलं की सूर फार थोडे आहेत. झरझर फिरणाऱ्या सुरावटींमुळे एकाच वेळी तीन-चार सूर वाजताहेत असा भास होतो, आणि त्यावर मुख्य चाल लांब, मोकळी, जरा उदास. चंद्रावर एकटा म्हातारा, हेल्मेटसुद्धा नाही, आणि खाली ही चाल. खेळ अवघड असूनही लोक तो टप्पा पुन्हा पुन्हा निवडायचे.

शनिपारकरांच्या प्रश्नाला माझा थोडा विरोध आहे. ही चाल मालिकेत कुठेच नव्हती. स्क्रूजच्या जागी दुसरं कोणी ठेवलं तरी ती तितकीच सुंदर राहील. तरीही ती आज डकटेल्सचीच आहे. कशी, ते सांगते. २०१३ मध्ये हाच गेम 'रीमास्टर्ड' नावानं नव्यानं आला, त्यात जेक कॉफमन यांनी तिची नवी बांधणी केली. नंतर २०१७ मध्ये मालिका नव्यानं सुरू झाली, आणि त्यात पुतण्यांची आई डेला डक चंद्रावर अडकलेली दाखवली. ती जे अंगाईगीत गाते त्याची चाल म्हणजे १९८९ च्या गेममधली हीच चाल. २०१९ च्या भागात ते गाणं आलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

गेमनं मालिकेकडून घेतलं आणि तीस वर्षांनी मालिकेनं गेमकडून घेतलं. हे देणंघेणंही मोजायला हवं.

---

शनिपारकर (धागाकर्ता)

मुग्धा, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे. मंगोल बादशहाच्या मुकुटाचंही असंच देणंघेणं आहे बघा, उलट्या दिशेनं. हिमालयातला खजिना म्हणजे चंगीझ खानाचा मुकुट. त्याची गोष्ट बार्क्सच्या कॉमिकमध्ये १९५६ ची, मग १९८७ मध्ये मालिकेचा भाग, मग १९८९ मध्ये गेम. तुझी चंद्राची चाल गेममध्ये जन्मली आणि मालिकेत गेली.

---

खडकीचा_कासव

माझं नाव बघून कळलंच असेल, मी टर्टल्सचा.

निंजा टर्टल्सची कॉमिक्स १९८४ ची, पण जगभर पसरले ते १९८७ च्या कार्टून मालिकेमुळे. कोनामीनं १९८९ मध्ये एकाच वर्षात दोन वेगळे गेम काढले, एक एनईएससाठी आणि एक आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रासाठी. एनईएसवाल्यात चौघांपैकी कोणालाही कधीही बदलून घेता यायचं. डोनाटेलोची काठी लांब, राफाएलच्या साई या शस्त्राचा टप्पा आखूड. कुठे कोणाला पुढे करायचं हाच खरा खेळ. त्यामुळे शनिपारकरांच्या प्रश्नाला हा उतरतो. धरणातला तो पाण्याखालचा टप्पा आणि विजेचं शेवाळ ज्यांनी भोगलं आहे त्यांना माझा नमस्कार.

आर्केडवाल्यात चार जण एकत्र खेळायचे. त्याच कोनामीनं १९९१ मध्ये सिम्प्सन्सचा आर्केड केला. त्यात मार्ज व्हॅक्यूम क्लीनर फिरवते, बार्ट स्केटबोर्ड, लिसा उड्या मारायची दोरी, होमर नुसते गुद्दे. घरातल्या चार माणसांच्या हातात घरातल्याच वस्तू! ते कुटुंब बदलून दुसरं ठेवता येणार नाही.

---

फ्लॉपीवाला

सिम्प्सन्सचा विषय निघालाच आहे तर दोन गेम शेजारी ठेवून बघा. २००१ चा 'रोड रेज' आणि २००३ चा 'हिट अँड रन', दोन्ही रॅडिकल एंटरटेनमेंटचे. पहिला म्हणजे सेगाच्या 'क्रेझी टॅक्सी'वर सिम्प्सन्सचा रंग. सेगानं त्यावर खटला भरला आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. दोनच वर्षांनी त्याच स्टुडिओनं 'हिट अँड रन' केला. मालिकेच्या लेखकांनी संवाद लिहिले, मालिकेतल्याच कलाकारांनी आवाज दिले, आणि मुख्य म्हणजे स्प्रिंगफील्ड गावच खेळायला दिलं. गाडीतून उतरा, फिरा, क्विक-ए-मार्टात डोकवा.

माणसं तीच, परवाना तोच, आणि दोन गेममध्ये जमीन-अस्मानाचा फरक.

---

ओम्निट्रिक्स_हडपसर

इथे सगळे माझ्यापेक्षा मोठे दिसताहेत. आमच्या पिढीचा गेम म्हणजे 'बेन १०: प्रोटेक्टर ऑफ अर्थ', २००७ चा, हाय व्होल्टेजनं बनवलेला. पीएस२ वर आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकानं खेळला आहे.

मालिकेत बेन घड्याळ फिरवून एलियन होतो आणि वेळ संपली की परत साधा मुलगा. गेममध्येही तसंच, शक्ती संपली की तुम्ही पुन्हा बेन. चार हात असलेला फोर आर्म्स झालं की जड वस्तू उचलायच्या, हीटब्लास्ट झालं की आग. लढाईच्या मध्यात शक्ती संपली की पोटात गोळा यायचा. तो गोळा मालिका बघतानाही यायचा. दादा, तुमच्या प्रश्नात हा पास होतो ना?

---

शनिपारकर (धागाकर्ता)

पास, आणि पहिल्या वर्गात. बेन १० ची कल्पनाच मुळात खेळाची आहे. वेळेची मर्यादा, रूपं, प्रत्येकाचा गुण. ज्या मालिकेच्या पोटात असा नियम असतो तिच्यावरून गेम करणं सोपं जातं. स्क्रूजच्या बाबतीत मालिकेत असा नियम नव्हता. मालिकेत तो काठीवर उसळत फिरत नाही. कॅपकॉमनं एका साध्या वस्तूकडे बघून ती हालचाल *शोधली*. म्हणून मी त्याला वरचढ मानतो.

---

कॅट्स_आय_कॅम्प

स्वॉट कॅट्सचं दुःख कोणाला सांगू! आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ती मालिका किती जीव टाकून बघितली जायची. तिचा गेम निघाला होता, हडसन सॉफ्टचा, १९९५ मध्ये, पण एनईएसनंतरच्या सुपर निन्टेंडो या यंत्रावर. आपल्या टीव्ही गेमना ती कॅसेट लागणं शक्यच नव्हतं. ज्या देशात त्या दोन मांजरांवर एवढं प्रेम होतं तिथे तो गेम पोचलाच नाही.

---

रात्रपाळी

मी काही वर्षं गेम टेस्टिंगमध्ये काम केलं आहे. परवान्याच्या बाजूबद्दल लिहितो, कारण त्यामुळेच हे गेम नाहीसे होतात.

मालिकेचे हक्क एकाकडे, गेमचा कोड दुसऱ्याकडे. करार ठरावीक मुदतीचा. मुदतीत गेम विकायचा, संपली की थांबायचं. शिवाय प्रत्येक चित्र, प्रत्येक संवाद मालकाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. गेम बहुधा चित्रपटाच्या किंवा नव्या हंगामाच्या तारखेला यायलाच हवा असतो, मग रात्रंदिवस एक करून कसाबसा पुरा केला जातो. हे गेम कच्चे राहण्यामागे बनवणाऱ्यांना काही येत नसतं असं नाही. त्यांना वेळच मिळत नाही.

डकटेल्सचंच बघा. 'रीमास्टर्ड' ऑगस्ट २०१३ मध्ये आला, वेफॉरवर्ड स्टुडिओनं केला. हातानं काढलेली पात्रं, आणि स्क्रूजचा आवाज मालिकेतलेच ॲलन यंग यांचा, तेव्हा वय ९३. ऑगस्ट २०१९ मध्ये तो डिजिटल दुकानांतून काढून टाकण्यात आला. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडे राहिला, नव्यानं घ्यायची सोय गेली. मार्च २०२० मध्ये तो परत आला, हे नशीब. 'हिट अँड रन' आजतागायत पुन्हा विक्रीला आलेला नाही. 'सिम्प्सन्स टॅप्ड आउट' हा मोबाइल गेम २०१२ पासून चालू होता, जानेवारी २०२५ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. तो तर कोणाच्या फोनमध्येही उरला नाही.

'डकटेल्स २' ची कथा वेगळी. तो १९९३ मध्ये एनईएसवर आला, जेव्हा लोक सुपर निन्टेंडोकडे वळले होते. प्रती थोड्या निघाल्या, त्यामुळे मूळ कॅसेट आज फार महाग आहे. गेम मात्र चांगला. काठीनं वस्तू ओढता येतात, आणि जमवलेल्या पैशांतून दुकानात खरेदी करता येते.

---

पर्वतीपायथा

रात्रपाळी, हे वाचून फार वाईट वाटलं. पुस्तक छापणं बंद झालं तरी अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळते. सर्व्हर बंद झालेल्या गेमची जुनी प्रत मिळणार कुठे?

---

तपकीरगल्ली

ताई, कॅसेटवाले गेम तेवढे वाचले आहेत. जुन्या बाजारात अजून अधूनमधून ६० पिनांच्या कॅसेटी दिसतात, आणि पिनांवरचा गंज साफ केला की बहुतेक चालतात. आतल्या चिपवर गेम कायमचा कोरलेला असतो, त्याला कुठल्या सर्व्हरची परवानगी लागत नाही.

---

नवी_पेठ_नवा_गडी

भारतीय मालिकांचं काय? छोटा भीम २००८ पासून पोगोवर चालू आहे, हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा. त्याचे मोबाइल गेम नझारा या कंपनीनं काढले. माझा भाचा खेळतो. पळायचं, उड्या मारायच्या, शर्यत लावायची. मला ते काही वाईट वाटत नाहीत. पोरगं खूश असतं, फुकट असतात, साध्या फोनवर चालतात. १९८९ च्या महागड्या कॅसेटशी त्यांची तुलना करणं न्याय्य आहे का?

---

शनिपारकर (धागाकर्ता)

भाचा खूश आहे याचा आनंदच आहे, आणि स्वस्त फोनवर चालणारा गेम बनवणं सोपं नाही हेही मान्य. माझी खंत वेगळी आहे. भीम लाडू खाल्ला की ताकदवान होतो. ही केवढी मोठी देणगी आहे गेम बनवणाऱ्याला! लाडू कधी खायचा, किती राखून ठेवायचे, टुणटुण मावशीच्या नकळत मिळवायचे कसे, कालियाच्या हाती लागू नयेत म्हणून काय करायचं. यावर एक अख्खा गेम उभा राहतो, पाच-सहा टप्प्यांचा, विचार करायला लावणारा. पळण्याच्या गेममध्ये भीमाच्या जागी कोणीही पळू शकतो.

आपल्या शहरात हे करू शकणारी माणसं आहेत. युबीसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. 'लिटल सिंघम' करणाऱ्या रिलायन्स ॲनिमेशनचं कामही पुण्यातून चाललं. चित्र काढणारे आणि कोड लिहिणारे एकाच गावात राहतात. त्यांना मुदत आणि मोकळीक देणारा कोणीतरी हवा.

---

मुग्धा_एरंडवणे

लाडवाच्या गेमला संगीत मी देते. मनापासून सांगतेय, कोणी करणार असेल तर निरोप पाठवा.

---

ओम्निट्रिक्स_हडपसर

धागा वाचून डकटेल्स खेळायचा आहे. कायदेशीर मार्गानं कुठे मिळेल, आणि सुरुवात कुठून करू?

---

रात्रपाळी

'द डिस्ने आफ्टरनून कलेक्शन' घे. एप्रिल २०१७ मध्ये पीसी, पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आलं, डिजिटल इक्लिप्सनं केलेलं. एकात सहा गेम: डकटेल्सचे दोन्ही, चिप अँड डेलचे दोन्ही, टेलस्पिन आणि डार्कविंग डक. चूक झाली की मागे नेऊन पुन्हा खेळता येतं, त्यामुळे जुन्या गेमची सवय नसलेल्यालाही जमतं. मूळ गेममध्ये पासवर्ड नव्हता की पुन्हा सुरुवात करायची सोय नव्हती, जीव संपले की सगळं पहिल्यापासून.

डकटेल्स झाला की कोणाला तरी शेजारी बसवून चिप अँड डेल दोघांत खेळ. त्यात खोके उचलून फेकायचे असतात, आणि संकट आलं की त्याच खोक्यात लपायचं असतं. चुकून जोडीदारालाही उचलून फेकता येतं. दोन छोट्या खारींना शोभेल असाच खेळ आहे.

---

शनिपारकर (धागाकर्ता)

ओम्निट्रिक्स, पहिल्यांदा ॲमेझॉन निवड आणि अवघडपणा सोपा ठेव. आधी उडी मारायची, मग हवेत असताना खालचं बटण आणि बी दाबून *धरून ठेवायचं*. सोडलंस की उसळी थांबते. ते अंगवळणी पडलं की ट्रान्सिल्व्हेनियात जा, कारण खाणीची किल्ली तिथेच आहे. तिथल्या भिंती नीट तपास. काही भिंतींतून आरपार जाता येतं.

---

ओम्निट्रिक्स_हडपसर

घेतला. ॲमेझॉन झालं, आता हिमालयात आहे आणि बर्फात रुतलोय. बाहेर कसं यायचं?

---

तपकीरगल्ली

बटणं दाबत राहा, निघतो तो. आणि बर्फावर साध्या उड्या मार. काठी पुढच्या कड्यावर लागेल.